नेमणारे आणि नेमलेले

मलकापूरहून बुलढाण्याकडे निघाले की काळ्या जमिनीचा सपाट पट्टा मागे पडत जातो आणि समोर डोंगर उभे राहतात. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत त्या डोंगराळ भागाला बालाघाट म्हटले आहे. त्याच्या पायथ्याशी, आजच्या मोताळा तालुक्यात, रोहिणखेड आहे. जुन्या तवारिखांत हे नाव ‘रोहणखेड’ असे येते. सुमारे दीडशे वर्षांच्या अंतराने इथे दोन मोठ्या लढाया झाल्या, आणि जिल्ह्याबाहेर त्यांची आठवण आता फारशी कोणाला नाही. दोन्हींचा निकाल इथल्या रानात लागला, पण दोन्हींचे मूळ दरबारातल्या एकाच वादात होते. नेमायचे कोणाला, अधिकार किती द्यायचा आणि हार झाली तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे, हा तो वाद. विदर्भाच्या रणजी संघाची गेली पंधरा वर्षे पाहताना आणि मुंबईच्या प्रशिक्षकांची ये-जा मोजताना मला तोच वाद पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून सुरुवात रोहिणखेडपासून.

१४३७ साली खानदेशचा नासिरखान फारुकी वऱ्हाडात घुसला. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद हा त्याचा जावई. आपल्या मुलीची सासरी उपेक्षा होते, सुलतानाचे मन संगमेश्वरच्या राजाच्या मुलीवर जडले आहे, एवढी तक्रार नासिरखानाला निमित्तापुरती पुरली. वऱ्हाडातले काही सरदार फितूर होऊन त्याला मिळाले आणि बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. बीदरला मसलत बसली. मोहिमेवर पाठवायचे कोणाला? पुढे आले खलफ हसन बसरी यांचे नाव. मूळचे बसऱ्याचे व्यापारी, आधीच्या सुलतानाला गादी मिळवून देताना मदत केलेले, त्याबद्दल ‘मलिक-उत्-तुज्जार’ हा किताब मिळालेले. पण काही वर्षांपूर्वी माहीमच्या मोहिमेत याच खलफ हसनांनी गुजरातच्या फौजेकडून सपाटून मार खाल्ला होता. म्हणजे नाव होते ते हरलेल्या सेनापतीचे.

खलफ हसनांनी जबाबदारी घेतली, पण अट घातली. मागच्या पराभवाला दरबारातली असूया कारणीभूत होती, दख्खनी आणि हबशी सरदार सोबत दिले तर पुन्हा तेच होईल, म्हणून आपल्याला फक्त परदेशी, म्हणजे आफाकी, सरदार आणि शिपाई द्यावेत. सुलतानाने अट मान्य केली. खलफ हसन दौलताबादेहून निघाले, रोहिणखेडच्या घाटाशी खानदेशी फौजेला गाठले आणि मोडले. मग बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग, शहराची लूट, आणि शेवटी लळिंगच्या किल्ल्याजवळ आणखी एक विजय. त्याच वर्षी नासिरखान वारला.

या नेमणुकीत सुलतानाने केलेली एक गोष्ट मला आजही मोठी वाटते. हरलेल्या माणसाला त्याने हरण्याचे कारण विचारले, ते ऐकून घेतले, आणि दुसऱ्यांदा पाठवताना जबाबदारीबरोबर माणसे निवडण्याचा अधिकारही दिला. एवढे धैर्य आजच्या किती संघटनांच्या कार्यकारिणीत आहे?

पण त्याच नेमणुकीत पुढच्या नाशाचे बीही होते. विजयी फौज परतल्यावर दरबारात आफाकी सरदारांनी उजवीकडे आणि दख्खनी-हबशी सरदारांनी डावीकडे उभे राहावे, असा रिवाज सुलतानाने घालून दिला. एका मोहिमेपुरती निघालेली तोड कायमची प्रतिष्ठा झाली. ज्यांच्या घरादाराचा हा मुलूख, ते आपल्याच दरबारात दुय्यम ठरले. दहाएक वर्षांत खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर गेले, शिर्क्यांच्या आणि संगमेश्वरकरांच्या डावात सापडून जंगलात मारले गेले. जीव वाचवून आलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात शिरले, तर दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की हे बंड करण्याच्या बेतात आहेत. आफाकींची पत्रे वाटेतच अडवली गेली. सुलतानाने एकाच बाजूचे ऐकले आणि चाकणला कत्तल झाली. खरे कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला, दख्खनी सरदारांना शिक्षाही झाल्या. माणसे मात्र गेली होती.

यातून दरबार काही शिकला असता तर महमूद गावान वाचले असते. गिलानहून आलेला हा माणूस बहमनी राज्याला लाभलेला सर्वांत मोठा कारभारी. त्यांनी बीदरला मदरसा उभारला, चार मोठे सुभे मोडून आठ केले. त्यात आपल्या वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. सुभेदारांची ताकद कमी करणारा कारभारी सुभेदारांना कसा आवडावा? त्यांच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले खोटे पत्र तयार करण्यात आले. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सुलतान मुहम्मद तिसरा याने चौकशी न करता त्यांचा शिरच्छेद करवला. वर्षभरात सुलतानही मेला. १४९० मध्ये वऱ्हाड वेगळे झाले, इमादशाही सुरू झाली, आणि बहमनी राज्याचे पाच तुकडे होण्याची वाट मोकळी झाली. गावान यांच्या जागी बसवायला बीदरकडे कोणी नव्हते. काढण्याची घाई झालेल्यांनी पुढच्या सकाळचा विचार केलेला नव्हता.

आता नागपूर. रोहिणखेडपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर, पण क्रिकेटच्या नकाशावर बुलढाण्याचे घर तेच. बुलढाण्यासह अकरा जिल्ह्यांचा विदर्भ १९५७-५८ च्या हंगामात रणजी करंडकात उतरला. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा. १९६९ मध्ये नागपूरला कसोटीही झाली. पण विदर्भाचा संघ म्हणजे समोरच्यांना गुण मिळवून देणारा संघ, अशी साठ वर्षे गेली. २००२-०३ मध्ये रणजीचे वरचा आणि खालचा असे दोन गट पडले तेव्हा विदर्भ खालच्या प्लेट गटात गेला. मुंबईच्या मैदानांवर विदर्भाचे नाव ऐकून कोणाची झोप उडत नसे.

बदल झाला तो एका माणसाच्या येण्याने झाला, असे आज सांगितले जाते. मला ते पटत नाही. २००८ मध्ये जामठ्याचे मैदान सुरू झाले, आणि त्याच सुमारास विदर्भ क्रिकेट संघटनेने आपल्याच मुलांना घडवणारी अकादमी उभी केली. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू प्रशांत वैद्य यांच्यासारख्यांनी क्रिकेटच्या विकासाचे काम हातात घेतले. सुब्रतो बॅनर्जी यांनी गोलंदाज घडवले. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून खेळला आणि २०११ मध्ये भारताचा कसोटीपटू झाला. मग बाहेरचे मोजके खेळाडू आले. कर्नाटकचा गणेश सतीश, तमिळनाडूचा एस. बद्रीनाथ, मुंबईचे वसीम जाफर. पाहुण्यांनी येऊन घर ताब्यात घेतले नाही, घरच्या पोरांना खेळायचे कसे ते दाखवले. बीदरच्या दरबारात उजवी-डावी बाजू आखली गेली होती, नागपूरच्या ड्रेसिंग रूममध्ये ती आखली गेली नाही. हा फरक साधा नाही.

एवढे सगळे झाल्यावर, २०१७ मध्ये, चंद्रकांत पंडित आले.

पंडित आले कुठून, ते पाहण्यासारखे आहे. २०१५-१६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने रणजी जिंकली. त्याआधी २००२-०३ आणि २००३-०४ मध्येही मुंबईच्या विजेत्या संघांचे प्रशिक्षक तेच. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली. पुढच्या हंगामासाठी मुंबईने समीर दिघे यांना नेमले, पंडितांना नारळ मिळाला. आदल्या वर्षी विजेतेपद आणि यंदा उपविजेतेपद एवढी जमा गाठीशी असलेला माणूस मोकळा झाला आणि नागपूरने त्याला बोलावून घेतले.

डिसेंबर २०१७. ईडन गार्डन्सवर विदर्भ विरुद्ध कर्नाटक, उपांत्य सामना, पाचवा दिवस. कर्नाटकला जिंकायला १९८ हवे होते आणि सकाळी फलकावर ७ बाद १११. म्हणजे आणखी ८७ धावा, तीन गडी. शेपटाने झुंज दिली. विनय कुमार, मिथुन यांनी धावा जोडल्या, दुसऱ्या टोकाला श्रेयस गोपाळ खुंटा रोवून उभा राहिला. धावांचा फरक दोन आकड्यांतून एका आकड्यात आला तेव्हा विदर्भाचा संघ जुना असता तर मोडला असता. रजनीश गुरबानी, स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला पोरगा, टाकत राहिला. सात गडी बाद केले त्याने त्या डावात, पहिल्या डावातले पाच धरून सामन्यात बारा. कर्नाटक १९२ वर सर्वबाद. पाच धावांनी विजय.

अंतिम सामना पुन्हा इंदूरला, त्याच होळकर मैदानावर. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीची हॅट्‌ट्रिक. विदर्भाच्या अक्षय वाडकरचे १३३, संघाच्या ५४७. अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे प्रथम श्रेणीचा पहिलाच सामना खेळत होता, आणि तो रणजीचा अंतिम सामना होता. १ जानेवारी २०१८ रोजी जाफर यांच्या बॅटमधून विजयी धावा निघाल्या आणि कर्णधार फैझ फझलच्या हातात करंडक आला. जवळपास एक वर्ष आधी याच मैदानावर हरून गेलेला प्रशिक्षक आता विजेता होता. पुढच्या हंगामात नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्या वर्षी जाफर यांनी १०३७ धावा केल्या.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. १९९८-९९ मध्ये याच राज्याचे कर्णधार म्हणून ते बंगळूरला रणजीचा अंतिम सामना हरले होते. २६ जून २०२२ रोजी त्याच बंगळूरला मध्य प्रदेशाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली पहिली रणजी जिंकली, आणि समोर होती मुंबई. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना मोकळे केले, तीच.

या गोष्टीत लोकांना चमत्कार करणारा प्रशिक्षक दिसतो. ते दिसणे चूक नाही. पंडित यांची शिस्त कडक आहे आणि तिने खेळाडूंना वळण लावले. पण तेच पंडित पुढे कोलकाता नाइट रायडर्सकडे गेले, २०२४ मध्ये आयपीएल जिंकली, २०२५ मध्ये संघ आठव्या स्थानावर घसरला आणि त्यांचे तिथले दिवस संपले. माणूस तोच, पद्धतही तीच असणार. जमीन वेगळी होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला सालदार बदलतात. पण एखाद्या वावरात दर वर्षी सालदार टिकत नसेल तर गाव सालदाराला नाही, मालकाला बोल लावते. क्रिकेटच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो.

मुंबईचेच बघा. २०१७ मध्ये पंडित गेल्यावर समीर दिघे, मग विनायक सामंत, मग अमित पागनीस, मग रमेश पोवार, मग अमोल मुजुमदार, मग २०२३ मध्ये ओंकार साळवी. सहा वर्षांत सहा माणसे. सगळ्यांना काढले असे नाही. दिघे आणि पागनीस स्वतःहून बाजूला झाले, पोवार भारतीय महिला संघाकडे गेले. पण चांगली माणसे एका खुर्चीवर इतक्या लवकर बसून उठू लागली तर खुर्चीत काहीतरी आहे, असे कोणी तरी म्हणायला हवे होते. या काळात एकेचाळीस रणजी करंडकांचा धनी असलेला संघ बेचाळिसाव्यासाठी आठ वर्षे थांबला. तो आला मार्च २०२४ मध्ये, वानखेडेवर, विदर्भाला १६९ धावांनी हरवून.

आणि त्या पराभवानंतर नागपूरने काय केले, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. विदर्भाचे प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले, घरचेच. अंतिम सामन्यात मोठी हार झाली होती. मुंबईने २०१७ मध्ये उपविजेतेपदानंतर जे केले ते नागपूर २०२४ मध्ये करू शकले असते. केले नाही. गनी राहिले. पुढच्या हंगामात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईलाच ८० धावांनी हरवले आणि मग केरळाविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक घेतला. यश राठोडच्या ९६० धावा. हर्ष दुबेचे ६९ बळी, एका रणजी हंगामातला विक्रम. हे दोघेही घरच्या मातीत वाढलेले.

त्याच संघात करुण नायर होता. २०१७ च्या ईडनवरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाविरुद्ध १५३ करणारा. कसोटीत त्रिशतक केलेल्या या फलंदाजाला पुढे त्याच्याच राज्याच्या संघात जागा उरली नाही. २०२३ मध्ये विदर्भाने त्याला घेतले. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याने दुसऱ्या डावात १३५ केल्या, जूनमध्ये इंग्लंडमध्ये भारताच्या कसोटी संघात परतला, आणि त्यानंतर कर्नाटकात परत गेला. दिल्लीचा ध्रुव शोरी, ज्याने २०१७ च्या इंदूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध १४५ केल्या होत्या, तोही पुढे विदर्भाचा झाला. समोरून खेळताना ज्यांची धार सोसली त्यांना ओळखून बोलावणे हे नेमणाऱ्याच्या डोळ्याचे काम आहे. त्याचे श्रेय कोणत्याही धावफलकावर लिहिले जात नाही.

हाताच्या बोटांवर मोजता येतील असे यशस्वी संघ पाहिले की जगभर हेच दिसते. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात त्या खेळात, ३२ संघ आहेत. नियमित हंगाम संपला की दुसऱ्या दिवशीच्या सोमवारला तिथे ‘काळा सोमवार’ म्हणतात, कारण त्या दिवशी प्रशिक्षकांची आणि खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरांची गच्छंती जाहीर होते. दर वर्षी होते, आणि दर वर्षी बहुतेक त्याच त्या संघांत होते. उलट पिट्सबर्ग स्टीलर्सने १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत तीनच मुख्य प्रशिक्षक पाहिले. चक नोल, बिल कावर, माइक टॉमलिन. नोल यांच्या पहिल्या वर्षी संघ १४ पैकी १३ सामने हरला. संघाचे मालक असलेल्या रूनी कुटुंबाने त्यांना ठेवले. पाच-सहा वर्षांनी सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकायला सुरुवात झाली आणि सहा वर्षांत चार झाले. डॅलस काउबॉइजचे टॉम लँड्री १९६० च्या पहिल्या हंगामात एकही सामना जिंकले नव्हते. १९६४ मध्ये, अजून पराभवच जास्त असताना, मालक क्लिंट मर्चिसन यांनी त्यांना दहा वर्षांचा वाढीव करार दिला. १९६६ पासून सलग वीस हंगाम डॅलसने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले.

लँड्रींनाही अखेर काढले गेले. फेब्रुवारी १९८९ मध्ये नवे मालक जेरी जोन्स आले आणि २९ हंगामांनंतर त्यांना घरी पाठवले. नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी ओळीने दोन सुपर बोल जिंकले, हेही खरे. मी असे म्हणत नाही की कोणालाच कधी काढू नये. वय होते, पद्धत जुनी होते, खेळाडू ऐकेनासे होतात. पण त्याच जोन्स यांनी त्या दोन विजयांनंतर, मार्च १९९४ मध्ये, जॉन्सन यांच्याशीही काडीमोड घेतला, भांडण श्रेय आणि अधिकार कोणाचा याचे. आणखी एक सुपर बोल १९९५ च्या हंगामात आला, त्यानंतर तीस वर्षांत एकही नाही. मालक मात्र तेच आहेत. तिथे प्रशिक्षक सोमवारी जातो, मालक कोणत्याच दिवशी जात नाही. आणि क्लीव्हलँडने १९९६ मध्ये काढलेले बिल बेलिचिक न्यू इंग्लंडमध्ये सहा सुपर बोल जिंकले. माहीमला हरलेल्या खलफ हसनांना रोहिणखेडला पाठवणारा सुलतान त्यांनाही भेटला, इतकेच.

आपल्याकडे निवड करणाऱ्याने धाडस दाखवल्याचे उदाहरण १९७१ चे आहे. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत देऊन पतौडींच्या जागी अजित वाडेकर यांना कर्णधार केले. त्याच वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे भारताने पहिल्यांदा मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०-३ अशी हार झाली, लॉर्ड्सवर ४२ धावांत संघ गारद झाला. परतल्यावर वाडेकर यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि ते खेळातून निवृत्त झाले. तीन वर्षांत शिखर आणि दार. ज्यांनी १९७४ चा संघ निवडला त्यांच्यातल्या कोणाला असे दार दाखवले गेले? आज ती नावेही कोणाला आठवत नाहीत. १९९२ मध्ये क्रिकेट मंडळाने वाडेकर यांनाच व्यवस्थापक म्हणून बोलावले आणि मायदेशी भारत कितीतरी मालिका जिंकला. अठरा वर्षे वाया गेली, ती वाडेकर यांची कमी आणि भारतीय क्रिकेटची जास्त.

आता रोहिणखेडची दुसरी लढाई. तिच्यात मात्र नेमणारा स्वतः रणात उतरला होता.

१५८८ ते १५९१ या काळात अहमदनगरच्या गादीवर चार सुलतान बसले. मूर्तझाला त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, मारले. मीरान हुसेनला दरबारातल्या मिर्झाखानाने मारले. त्या गोंधळातून महदवी पंथाचा सरदार जमालखान वर आला, त्याने अल्पवयीन इस्माइलला गादीवर बसवले आणि सत्ता हातात घेतली. इस्माइलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. तो खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन मुलाच्याच गादीवर हक्क सांगत आला. जमालखानाने आधी विजापूरच्या फौजेला धाराशिवजवळ मोडले आणि मग उत्तरेकडे वळून रोहिणखेडला खानदेशी फौजेसमोर ठाकला. तिथे तो मारला गेला. बुऱ्हाण गादीवर आला.

रोहिणखेडात एक दगडी मशीद आहे, १५८२ ची. बांधणारा खुदावंतखान महदवी, जमालखानाच्याच पंथाचा. ज्या गावात आपल्या माणसाने देवाचे घर बांधले त्याच गावाच्या शिवारात, दहा वर्षांच्या आत, राजे बसवणारा आणि उठवणारा जमालखान पडला. रोहिणखेडला आलो की मी या मशिदीच्या दगडांपाशी थांबतो. ते बांधले गेले तेव्हा वऱ्हाड अहमदनगरचे होते. बुऱ्हाण चार वर्षांत वारला, पुन्हा गादीचे भांडण पेटले, मोगल फौजा अहमदनगरला भिडल्या. चाँदबीबीने किल्ला लढवला, पण १५९६ मध्ये तह करताना वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. रोहिणखेडपासून त्या तहापर्यंत पाच-सहा वर्षे. एवढ्या थोड्या काळात इतकी माणसे बदलली की राज्य कोणाचे आणि कशासाठी, हेच कोणाच्या ध्यानात राहिले नाही. जमालखान शूर होता यात शंका नाही. पण ज्याने नेमणुकीचा धंदा केला त्याच्यामागे टिकणारे काहीच उरले नाही. विदर्भाच्या अकादमीसारखे तर नाहीच.

म्हणून माझे मागणे प्रशिक्षकांकडे नाही, संघटनांकडे आहे. राज्य क्रिकेट संघटनांनी प्रशिक्षक नेमताना किमान तीन हंगामांचा करार करावा आणि तो जाहीर करावा. त्याला संघनिवडीच्या बैठकीत आवाज द्यावा, नुसती खुर्ची नको. मुदतीआधी काढायचे असेल तर कारण लेखी द्यावे आणि प्रशिक्षकाचे म्हणणे त्याच्याबरोबर छापावे. नेमणूक आणि गच्छंती, दोन्ही ठरावांखाली त्या समितीतल्या प्रत्येकाची नावे असावीत, आणि तीन वर्षांनी त्या समितीचाही हिशेब सर्वसाधारण सभेपुढे यावा. महमूद गावान यांचे पत्र खोटे होते, हे कोंडापल्लीला कोणी पाच मिनिटे विचारले असते तरी उघड झाले असते. विचारण्याची सक्ती कोणावर नव्हती.

आणि जिल्ह्यांकडे पाहावे. आदित्य ठाकरे आणि अथर्व तायडे अकोल्यातून आले, कारण तिथे क्लब आहे आणि मुलांकडे वर्षानुवर्षे बघणारी माणसे आहेत. बुलढाण्याचे पोर अंगात गुण असूनही नागपूरच्या चाचणीला गेले की दोन चेंडूंत आपले भविष्य ठरवून घ्यायला उभे राहते. त्याला गेल्या तीन वर्षांत कोणी पाहिलेले असते का? मोताळा, मलकापूर, चिखली, मेहकर इथे मुलांना शिकवणारा माणूस हंगामापुरता नको, पाच वर्षांसाठी हवा. त्याचा पगार नागपूरच्या पुढच्या विजयावर अवलंबून नसावा. तो बदलला तर त्याच्याकडच्या नोंदी पुढच्याच्या हाती जाव्यात.

असे धरून ठेवण्याचे फळ २०२५ मध्ये देशाने पाहिले आहे. भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा करूनही भारताची टोपी त्यांना मिळाली नाही. मुंबईचे प्रशिक्षक म्हणून ते बंगळूरला पंडितांच्या संघाकडून अंतिम सामना हरले आणि वर्षभराने ती जागा गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना महिला संघ दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला. टीकेची झोड उठली. कर्णधार हरमनप्रीत कौर आणि मुजुमदार, दोघांच्या मागे मंडळ उभे राहिले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मुजुमदार यांना नेमण्याची शिफारस करणाऱ्या क्रिकेट सल्लागार समितीतल्या माणसांची नावेही त्या रात्री घेतली जायला हवी होती.